भंगारात घालण्याआधी तो कॉम्प्युटर एकदा मला दाखवा



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि "कॉम्प्युटरचा विषय, आपला काय संबंध" म्हणून पुढे सरकू नका. हा तुमच्या घरातल्या, तुमच्या पोरांच्या शाळेतल्या आणि तुमच्या घरपट्टीच्या पैशातून घेतलेल्या मशीनचा विषय आहे.

मागच्या महिन्यात स्टेशन रोडला एक भंगाराची लोटगाडी उभी होती. तिच्यावर पत्र्याचे डबे, तुटकी सायकल आणि वर रचलेले सात-आठ कॉम्प्युटर. काळे, धुळकट, पण धडधाकट. मी थांबलो. पोराला विचारलं, "काय भो, हाई काय शे?" तो म्हणाला, "बंद माल शे भाऊ. एका संस्थानी काढा." संस्थेचं नाव त्याने सांगितलं, मी इथे लिहीत नाही. कारण ही चूक एकट्या त्या संस्थेची नाही, हे पुढे कळेलच.

सातशे रुपये देऊन त्यातला एक उचलला. घरी आणला, फडक्याने पुसला, वायर लावली. अन् मंडळी, तो चालू झाला. एका मिनिटात विंडोज १० उघडलं. पासवर्डसुद्धा नव्हता. आणि डेस्कटॉपवर काय होतं सांगू? विद्यार्थ्यांच्या याद्या. पालकांचे मोबाइल नंबर. आधार कार्डाचे स्कॅन, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो. शे-दोनशे पोरांची कुंडली, सातशे रुपयांत, लोटगाडीवर.

मी ती डिस्क पूर्ण पुसली. पण बाकीचे सहा-सात कुठे गेले, मला माहीत नाही.

संस्थेतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याचं उत्तर तसंच्या तसं देतो : "अहो दादा, ते विंडोज १० बंद झालं ना. दुकानदार म्हणाला आता हे चालत नाहीत, नवीन घ्या. म्हणून काढले."

चालत नाहीत! जो कॉम्प्युटर माझ्या टेबलावर सुरू होता, तो चालत नाही!

झालंय काय ते आधी समजून घेऊ

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० आणलं २०१५ साली. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार काढून घेतला. म्हणजे त्या दिवसापासून सुरक्षेचे फुकट अपडेट बंद. कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त नवीन भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपेल. पुढे काय, तर विंडोज ११ घ्या.

गंमत इथेच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे ढोबळमानाने २०१७-१८ च्या आधीचं मशीन असेल तर बाद. रॅम भरपूर असो, डिस्क नवी असो, बाद म्हणजे बाद. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की या एका निर्णयाने जगभरातले जवळपास २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात.

बैल धडधाकट आहे, औत ओढतोय, चारा खातोय. पण व्यापारी म्हणतो, ह्याच्या कानात आमचा नवीन बिल्ला बसत नाही, विका कसायाला. आपण विकणार का? शेतात आपण असं करत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र मान डोलावून पाकीट काढतो.

आधी आपल्या घरातली घाण बोलू

कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. पण आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही.

आपल्याकडे किती घरांत, दुकानांत, क्लासमध्ये विंडोजचं पैसे देऊन घेतलेलं लायसन्स आहे? छातीवर हात ठेवून सांगा. तीनशे-पाचशे रुपयांत 'फॉरमॅट मारून' मिळतं ते काय असतं? क्रॅक. चोरीचं. वीस वर्षं मीसुद्धा तेच वापरलं, लपवत नाही. डिप्लोमा झाल्यावर पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून दर सहा महिन्यांनी फॉरमॅट, दर सहा महिन्यांनी नवीन व्हायरस. त्या क्रॅकमध्येच पुष्कळदा व्हायरस दडलेला असतो, आणि आपण त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकतो.

आणि हीच माणसं मला विचारतात, "लिनक्स फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी गडबड असेल ना?" चोरलेल्या फुकटावर विश्वास, आणि हक्काने दिलेल्या फुकटावर संशय. वा रे आपली रीत!

एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, विंडोजसारखीच. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहायला घेतला, पुढे जगभरातले हजारो लोक जोडले गेले. कोड सगळ्यांसाठी खुला. कोणीही वाचा, बदला, वाटा. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. म्हणजे तुम्ही रोज लिनक्स वापरता, तुम्हाला माहीत नाही इतकंच.

आणि विंडोज काढून टाकायची गरज नाही. ती राहू द्या, शेजारी लिनक्स टाका. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, मुख्य दरवाजा एक. कॉम्प्युटर सुरू केला की दरवाजात विचारणा होते, कोणाकडे जायचंय? टॅलीचं काम असेल तर विंडोजकडे, बाकी इंटरनेट, टायपिंग, बँक, व्हिडिओसाठी लिनक्सकडे. याला ड्युअल बूट म्हणतात.

माझ्या ऑफिसातला डेस्कटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा, आठ जीबी रॅमचा. विंडोज ११ ला अपात्र. दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, "साहेब, आता ह्याच्यात जीव नाही, नवीन पंचेचाळीस हजारात बसवून देतो." मी पंचेचाळीस हजार वाचवले आणि त्याच मशीनवर लिनक्स मिंट टाकलं. त्याला चार जीबी रॅम भरपूर होते आणि चालू आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पण थांबा. "एका क्लिकमध्ये झालं" असं सांगणारे व्हिडिओवाले खोटं बोलतात. मला दोन रविवार लागले. कुठे कुठे आपटलो ते सांगतो, म्हणजे तुम्ही आपटणार नाही.

मी कुठे कुठे अडकलो

पहिली अडचण, जागा. डिस्कवर शंभर जीबीच्या वर रिकामं होतं, पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक' दाबलं तर म्हणे फक्त चार जीबी मोकळे करता येतील. जणू वाडा रिकामा, पण मधोमध कोणाची तरी खाट. ती खाट म्हणजे विंडोजच्या न हलणाऱ्या फाइली : हायबरनेशन, पेजफाइल आणि रिस्टोर पॉइंट. तिन्ही तात्पुरते बंद केले, रिस्टार्ट केलं, पुन्हा श्रिंक केलं. साठ जीबी निघाले. मग पेजफाइल आणि रिस्टोर परत चालू केले.

दुसरी अडचण. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, तर इन्स्टॉलरला विंडोज दिसेचना. शेजारी बसवायचा पर्यायच नाही, फक्त 'सगळी डिस्क पुसा' दाखवतो. इथे घाईघाईने पुढे दाबलं असतं तर माझी बारा वर्षांची कात्रणं, फोटो, सगळं गेलं असतं. कारण साधं होतं. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या दोन पद्धती असतात, जुनी लीगसी आणि नवी यूईएफआय. माझं विंडोज नव्या पद्धतीचं, आणि पेनड्राइव्ह मी जुन्या पद्धतीने चालू केलेला. बूट मेनूमध्ये एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतात, त्यातलं यूईएफआय लिहिलेलं निवडलं आणि विंडोज लगेच दिसलं. तुमचं विंडोज कोणत्या पद्धतीचं ते 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर लिहिलेलं असतं. आधी ते बघा, मग पेनड्राइव्ह लावा.

तिसरी. सगळं झालं, रिस्टार्ट केलं, आणि सरळ विंडोज उघडलं. लिनक्सचा पत्ता नाही. दोन तास वाटलं, वाया गेलं. वाया काही गेलं नव्हतं. बायोसमध्ये बूटच्या क्रमात विंडोज पहिलं होतं, लिनक्स दुसरं. क्रम बदलला, दरवाजा दिसला.

चौथी. लिनक्समधून विंडोजच्या फाइली उघडत होत्या, पण सेव्ह होत नव्हत्या. दोष विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चा. विंडोज बंद केलं असं आपल्याला वाटतं, पण ते खरं तर डुलकी घेत असतं, आणि झोपलेल्याच्या खोलीत शेजाऱ्याने सामान हलवू नये म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, प्रश्न मिटला.

पाचवी सगळ्यात मजेशीर. संध्याकाळी सहाला लिनक्स बंद करून विंडोज उघडलं, तर घड्याळात साडेबारा! मला वाटलं मशीनचा सेल गेला. सेल बदलला, तरी तेच. मग उमगलं, फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनविचची वेळ ठेवतं आणि दाखवताना आपली वेळ मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला आपली स्थानिक वेळ समजतं. आपण ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून विंडोज साडेपाच तास मागे. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन 'स्थानिक वेळ ठेव' सांगता येतं. सेलचे पैसे मात्र गेले.

पुतणीचा लॅपटॉप

हे माझ्या जुन्या डब्याचं झालं. खरी भीती वाटली ती पुतणीच्या लॅपटॉपवर. ती बीसीएला आहे, लॅपटॉप नवा, विंडोज ११ वाला. कॉलेजात लिनक्स लागतं म्हणून म्हणाली, काका, माझ्यावरही टाकून द्या. मी आता 'तज्ज्ञ' झालेलो. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं आणि रिस्टार्ट केलं. निळी स्क्रीन. "४८ आकडी रिकव्हरी की टाका."

कोणती की? तिला माहीत नाही. मला माहीत नाही. नव्या लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद असते आणि तिची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ते खातं कोणाचं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच कुठलातरी ई-मेल टाकून उघडलेलं. तो पोरगा आता पुण्याला गेला. म्हणजे माझ्या भावाने कर्ज काढून घेतलेल्या मशीनची किल्ली अशा खात्यात, ज्याचं नावही आम्हाला माहीत नाही. पोरीचा प्रोजेक्ट आत, सबमिशन चार दिवसांवर. ती रडकुंडीला आली. माझा तर घास घशाखाली उतरेना.

वाचलो एका साध्या गोष्टीने. जी सेटिंग बदलली तीच परत होती तशी केली. सिक्युअर बूट पुन्हा चालू. कुलूप हे बघतं की घराचा दरवाजा जसा होता तसाच आहे ना. तसाच दिसला, उघडलं. तिथल्या तिथे आधी सगळी कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली, खातं तिच्या स्वतःच्या ई-मेलवर केलं, किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवली, आणि मग एन्क्रिप्शन काढून पुढचं काम सुरू केलं.

तरी पुढे एक खड्डा होताच. लिनक्सला डिस्कच दिसेना. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी नावाची सेटिंग असते, तिच्यामागे डिस्क लपते. ती थेट बंद केली तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजला 'सेफ मोड'मध्ये उघडायला सांगायचं, मग सेटिंग बदलायची, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग सेफ मोड काढायचा. या क्रमाने केलं, दोन्ही बिऱ्हाडं सुखाने नांदू लागली.

म्हणून दुकानदार भावांनो, हात जोडून सांगतो. गिऱ्हाइकाचं खातं गिऱ्हाइकाच्याच ई-मेलवर उघडा आणि ती ४८ आकडी किल्ली बिलासोबत कागदावर द्या. मोटारसायकल विकताना दुसरी चावी देता ना?

शेजारी कुलूप बदलतो तेव्हा

कोणी म्हणेल, एवढा त्रास आहे तर कशाला? त्रास नेमका कुठून येतो ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं. ड्युअल बूट असलेल्या मशीनवर ते लागणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. लागलं. जगभरात असंख्य लोकांचं लिनक्स सकाळी उठेना, 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून मशीन बंद. पूर्ण दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिने! सामायिक दरवाजाचं कुलूप एका भाडेकरूने परस्पर बदलायचं आणि नऊ महिन्यांनी म्हणायचं, अरे हो, ही घ्या चावी.

हे अपघाताने झालं असेल. पण दरवाजा कोणाच्या हातात आहे ते त्यातून कळतं. जुलै २०२५ ची नायरा एनर्जीची गोष्ट आठवते का? गुजरातेत वाडीनारला रिफायनरी असलेली ही कंपनी, तिच्यात रशियन रोसनेफ्टचा हिस्सा. युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने भारतातल्या या कंपनीच्या ई-मेलसकट सेवा थांबवल्या. भारतीय कायदा मोडलेला नाही, पैसे भरलेले, तरी बंद. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टात जावं लागतं, तर आपल्या पंचायत समितीचं काय?

संरक्षण मंत्रालयाला हे कळलेलं आहे. २०२३ मध्येच तिथे उबंटूवर बेतलेली 'माया' नावाची सिस्टीम आणल्याच्या बातम्या आल्या. सीडॅकने 'बॉस' लिनक्स तर त्याच्या कितीतरी आधी बनवलं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरणच जाहीर केलं की सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, आणि राज्यांना वाटल्यास तेही ते स्वीकारू शकतात. धोरण आहे. कागद आहे. तालुक्याला पोचला का तो कागद?

केरळने केलं, आपण का नाही?

केरळमध्ये या शतकाच्या सुरुवातीला शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. तिथल्या शिक्षकांनी खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर पोरांना बांधायला विरोध केला आणि शाळा लिनक्सवर गेल्या. आज 'काइट' ही सरकारी संस्था ते काम बघते, स्वतःची मल्याळममधली सिस्टीम बनवते. २०१९ मध्ये दोन लाखांवर शाळेतल्या कॉम्प्युटरसाठी नवी आवृत्ती आली, तेव्हा लायसन्सचे तीन हजार कोटी रुपये वाचतील असा त्यांचा दावा होता. दावा सरकारी आहे, अर्धा धरा. पाव धरा. तरी किती झाले?

आणि आपण? आपल्याकडे एमएस-सीआयटी आहे, २००१ पासून. मी त्याचा उपकार मानतो, खेड्यातल्या पोरीबाळींच्या हातात माउस त्याने दिला. पण त्यातला 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. निम्म्या गावाला तो मायक्रोसॉफ्ट वाटतो, आणि वर्षानुवर्षं वर्गात जे शिकवलं गेलं ते बघता त्यांची चूक म्हणता येत नाही. एक पिढी शिकली ती कॉम्प्युटर नाही, एका कंपनीची बटणं. बटण हललं की पिढी अडखळते.

विरोधक लगेच जर्मनीतल्या म्युनिकचं नाव घेतील. बरोबर आहे. म्युनिक महापालिकेने दहा वर्षं खपून हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यातून शिकायचं ते हे की नुसतं सॉफ्टवेअर बदलून होत नाही, माणसं शिकवावी लागतात आणि सत्ता बदलली तरी धोरण टिकावं लागतं. आज त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य पुन्हा त्या रस्त्याने निघालं आहे.

जिथे नाही चालत, तिथे नाही

खोटं सांगणार नाही. टॅलीवाले, विंडोज सोडू नका. ई-टेंडरसाठी डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी चावी वापरणारे ठेकेदार, तुम्हाला लिनक्समध्ये डोकेदुखी होईल. डीटीपीवाले बंधू, पेजमेकर-कोरलवर पोट असेल तर विंडोज ठेवाच. म्हणूनच तर दोन बिऱ्हाडं म्हणतोय. पण आधार संपलेल्या विंडोजमध्ये इंटरनेट फिरू नका. ते काम लिनक्समध्ये करा.

मराठीचं विचाराल तर फायरफॉक्स, क्रोम, लिबर ऑफिस, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं आहे. एक गोष्ट मात्र मला जिव्हारी लागली. माझ्या २००३ पासूनच्या बातम्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. लिनक्समध्ये उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी. आधी लिनक्सला शिव्या दिल्या. मग त्याच फाइली पुतणीच्या नव्या विंडोजवर उघडल्या. तिथेही खिचडीच! रोग फॉन्टचा होता. ती मराठी नव्हतीच, मराठीचं सोंग घेतलेली इंग्रजी अक्षरं होती. युनिकोडमध्ये असतं तर कुठल्याही मशीनवर वाचता आलं असतं. आता विचार करा, सरकारी कार्यालयांत 'सुरेख'सारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव, इतिवृत्तं, याद्या किती असतील? युनिकोड वापरा असं शासनाने सांगून कित्येक वर्षं झाली. ते कॉम्प्युटर भंगारात गेले की फॉन्टही जाणार, आणि आपल्या गावाचा वीस वर्षांचा इतिहास खिचडी होऊन राहणार.

पाटणचा शिलालेख काय सांगतो

आपण कुठल्या मातीत राहतो ते तरी आठवा. चाळीसगावपासून हाकेच्या अंतरावर पाटणादेवी. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. शिलालेखाच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा हिस्सा मठाला दिल्याची नोंद आहे.

म्हणजे बाजारातल्या लोकांच्या पैशातून गणित शिकवलं जायचं, आणि ते गणित कोणाच्या कुलपात नव्हतं. सिद्धांतशिरोमणी वाचायला दर वर्षी लायसन्स भरावं लागत नव्हतं. आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात लोकांना जे कळत होतं, ते आज आपल्याला कळू नये?

मागण्या

एक. शाळा, महाविद्यालय, पतसंस्था, ग्रामपंचायत, कोणीही कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी लिनक्स टाकून बघावं. चालला तर तो गावातल्या वाचनालयाला, अंगणवाडीला, गरीब पोराला द्यावा.

दोन. डिस्क पुसल्याशिवाय मशीन दाराबाहेर जाता कामा नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पोरांचं आधार लोटगाडीवर सापडणं हा निष्काळजीपणा नाही, गुन्ह्याच्या वाटेवरचं पाऊल आहे.

तीन. खरेदीच्या कागदात कंपनीचं नाव नको, कामाचं नाव हवं. 'पत्र टाइप व्हावं, हिशोब व्हावा, युनिकोड मराठी असावी' असं लिहा.

चार. एमएस-सीआयटीत निदान आठ दिवस तरी दुसरी सिस्टीम शिकवा. पोरांना कळू द्या की दुनियेत दुसरा दरवाजा आहे.

आणि तुम्ही काय करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपापल्या गावात तीनच प्रश्न विचारा : गेल्या तीन वर्षांत किती कॉम्प्युटर निर्लेखित केले? त्यांच्या डिस्क कशा पुसल्या, त्याचा दाखला आहे का? सॉफ्टवेअर लायसन्सवर किती खर्च झाला? मी माझे अर्ज या आठवड्यात टाकतोय. उत्तरं आली की इथेच छापीन, न आली तर तेही छापीन.

तोवर दर रविवारी सकाळी दहा ते एक मी ऑफिसात आहे. जुना कॉम्प्युटर घेऊन या. फी नाही, फक्त तीन अटी. घरून निघण्याआधी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी काढलेली असावी. ४८ आकडी किल्ली असेल तर ती लिहून आणावी. आणि शेजारी बसून स्वतः शिकावं, कारण मी करून देणार नाही, तुम्हाला करायला लावणार. पुतणीही असते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

तो सातशेचा कॉम्प्युटर आता कुठे आहे विचाराल, तर आमच्या गल्लीतल्या आठवीतल्या एका पोराकडे. बाप हमाली करतो. परवा पोराने मराठीत निबंध टाइप करून दाखवला. खाली स्वतःचं नाव टाकलं, दोनदा, मोठ्या अक्षरांत.

भंगार म्हणे!

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर भांडा.